आमची वाटचाल : रिवाइंडिंगच्या टेबलापासून पाड्यांच्या ग्रिडपर्यंत

2004 साली नाशिकला सातपूरमध्ये भाड्याच्या गाळ्यात मोटर रिवाइंडिंग (जळालेल्या मोटरची तार नव्याने गुंडाळणं) सुरू केलं. पुढे सर्व्हो स्टॅबिलायझर, कपॅसिटर पॅनेल, मग सोलर. ही वर्षं कष्टाची होती, पण सांगण्यासारखं फार नाही. सांगायचंय ते सुरगाणा तालुक्यातल्या दोन पाड्यांचं. तिथे आम्ही सपशेल तोंडावर आपटलो.

दोन्हीकडे सोलर होतं, बॅटरी फक्त खालच्या पाड्यावर. मध्ये 600 मीटर लाइन टाकून दोन्ही जोडले. वरच्या पाड्याची जास्तीची वीज दुपारी खाली बॅटरीत जाईल, असा हिशेब. आठ दिवसांत फोन आला. "भाऊ, ऊन मरणाचं पडलंय अन् तुमची सोलर दुपारीच बंद!"

मीटर लावून बसलो. खाली 230 व्होल्ट, वर 256. वरचे इन्व्हर्टर (सोलरची वीज घरगुती विजेत बदलणारे) 253 ला ट्रिप, म्हणजे आपोआप बंद, होत होते. लाइनमधून 16 अँपिअर खाली येत होते आणि जाऊन-येऊन तारेचा रेझिस्टन्स 1.6 ओहमच्या वर. गुणाकार केला की 26 व्होल्ट; वीज खाली ढकलायला वरचं व्होल्टेज तेवढं चढत होतं. हा हिशेब शाळकरी पोरगा करेल; आम्ही खर्च वाचवायला बारीक तार घेताना केला नव्हता.

आधी इन्व्हर्टरच्या रिॲक्टिव्ह पॉवरशी (काम न करता लाइनमध्ये नुसती ये-जा करणारी वीज) खेळून पाहिलं. दोन दिवस वाया. मोठ्या लाइनवर तो उपाय चालतो; आमच्या बारीक ॲल्युमिनियम तारेत रेझिस्टन्सच जास्त, त्यामुळे काटा जेमतेम हलला. मग खालच्या बॅटरी इन्व्हर्टरचं व्होल्टेज दुपारपुरतं 222 वर आणलं. वर 248 झाले, ट्रिपिंग थांबलं. पण मर्यादा 230 च्या सहा टक्के वर म्हणजे 244, त्याच्या आत यायला हवं. वरच्या पाड्यावरची दोन एचपीची पिठाची गिरणी संध्याकाळी चालायची, ती दुपारी चालवायला सांगितलं. वीज तिथेच खपू लागली आणि व्होल्टेज 235 वर आलं. गिरणीवाल्या ताईंनी दारावर खडूने '11 ते 3' लिहिलं.

व्होल्टेज उतरवलं की वीज वाचते, हे आम्हीही गिऱ्हाइकाला सांगायचो. हीटरसारख्या लोडला ते वरवर खरं वाटतं. पाच टक्के उतरवा, त्या-त्या क्षणी जवळपास दहा टक्के वीज कमी ओढली जाते. (पाणी तापायला वेळ तेवढाच जास्त लागतो, म्हणून एकूण काही वाचत नाही, ते कोणी सांगत नाही.) जुन्या पंख्यांनाही थोडा फरक पडतो. पण एलईडीचा ड्रायव्हर (दिव्यातलं छोटं सर्किट) तेवढीच वीज ओढतो, व्होल्टेज घटलं की करंट वाढवतो. पाड्यावर बहुतेक एलईडीच. त्यामुळे 222 ने बिलात काय वाचलं म्हणाल, तर नगण्य. वाचलं ते दुपारचं वाया जाणारं ऊन, आणि त्यामुळे संध्याकाळी चालवाव्या लागणाऱ्या जनरेटरचं डिझेल.

आता तिसरा पाडा जोडायचाय. लाइन 900 मीटर. कोटेशनमध्ये जाड तार धरलीय, म्हणून दर वाढला. काम अजून हातात आलेलं नाही.