काकांच्या दशावताराच्या स्पूल वाचवताना

कुडाळच्या माझ्या काकांनी १९७० च्या दशकात जत्रांमधले दशावतार, म्हणजे कोकणातली रात्रभर चालणारी लोकनाट्यं, स्पूल टेपवर (चाकावर गुंडाळलेल्या ध्वनिफितींवर) उतरवून ठेवले होते. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेलं असतं, संवाद मात्र कलाकार तिथल्या तिथे रचतात. त्या रात्री राजा काय बोलला आणि राक्षसाने काय उत्तर दिलं, याचा पुरावा फक्त या फितींवर. त्यांचं खोकं लंडनला माझ्याकडे आलं, तेव्हा एखादा जुना रेकॉर्डर मिळवून लगेच ऐकावंसं वाटत होतं.

त्याआधी ब्रिटिश लायब्ररीचं संवर्धन केंद्र पाहून आलो, ते फार बरं झालं. सेंट पँक्रसच्या मुख्य इमारतीमागे खास या कामासाठी बांधलेली ही वास्तू २००७ मध्ये सुरू झाली. छपराच्या काचा उत्तरेकडे तोंड करून आहेत. त्यामुळे भरपूर उजेड येतो, पण कागदावर थेट ऊन पडत नाही. फाटलेलं पान जपानी कागद आणि गव्हाच्या खळीने जोडतात, कारण ती खळ पुढे कधीही ओली करून सोडवता येते. जे उद्या उलटवता येणार नाही ते आज करायचं नाही, हा नियम मी तिथून घेतला. ध्वनिसंग्रहाचे स्टुडिओही त्याच वास्तूत आहेत.

मग एका खाजगी ध्वनितंत्रज्ञाला गाठलं. त्याने एकही स्पूल आधी वाजवली नाही. प्रत्येक स्पूल उजेडासमोर धरली. आरपार उजेड दिसला तर फीत ॲसिटेटची, अपारदर्शक असेल तर बहुधा पॉलिस्टरची. दोन्ही प्लॅस्टिकचेच प्रकार, पण त्यांचे आजार वेगळे. ॲसिटेट सडायला लागली की व्हिनेगरसारखा वास येतो आणि ती ठिसूळ होते. त्या काळातल्या काही पॉलिस्टर फितींवरचा लेप हवेतला ओलावा शोषून चिकट होतो. तशीच वाजवली तर तो यंत्राच्या हेडवर (फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर) खरवडून निघतो आणि आवाज कायमचा जातो. कोकणातल्या दमट हवेत काढलेली वर्षं आमच्या फितींवर स्पष्ट दिसत होती.

चिकट फिती नियंत्रित उष्णतेत, साधारण ५० ते ५५ अंश सेल्सिअसवर, काही तास ठेवल्या. त्यानंतर त्या थोडे दिवसच नीट वाजतात, तेवढ्यात काम उरकावं लागतं. (ॲसिटेटला हा उपाय कधीही करू नये. घरच्या ओव्हनमध्ये तर कुठलीच फीत घालू नये.) बुरशी आलेल्या स्पूल त्याने आधीच वेगळ्या बंद करून ठेवल्या होत्या.

वाजवताना त्याने प्रत्येक फितीसाठी हेडचा कोन नव्याने जुळवला. झांजेचा बोथट नाद एकदम उघडला, तेव्हा मला भरून आलं. संगणकावरची डिजिटल नोंद बारीक तपशील टिकवणारी, ९६ किलोहर्ट्‌झ, २४ बिटची. स्टिरिओत तासाला सुमारे २ जीबी होतात, पण इथे काटकसर नको. मूळ फाईलवर खरखर काढण्याचे प्रयोग करू दिले नाहीत. प्रेक्षकांचा गलका आणि मध्येच रडणारं पोर हीसुद्धा त्या रात्रीचीच नोंद आहे. ऐकायला सोपी प्रत हवी तर ती वेगळी करावी.

फाईलींच्या तीन प्रती केल्या, त्यातली एक कुडाळला पाठवली. मूळ स्पूल टाकलेल्या नाहीत. त्या खोक्यात उभ्या, कोरड्या जागी आहेत. बुरशीच्या स्पूलची सफाई आता सुरू झाली आहे.