.२२ वरच राहिलो (नोंद चौथी: काडतूस बदलता बदलता वाचलो)

मागच्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की माझी .२२ ची रायफल सोडून .१७ एचएमआर (बारीक गोळीचं, वेगवान काडतूस) घेणारच, रायफल पण बघून ठेवलीय. तर नाही घेतली. का ते सांगतो, कारण चार महिने मी स्वतःच्या ट्रिगरच्या बोटाला शिव्या घालत होतो आणि त्यातल्या निम्म्या शिव्या काडतुसाच्या वाट्याच्या होत्या.

माझं काम साधं. ५० मीटर, कागदाचं टार्गेट, आठवड्यातून दोनदा, एका वेळी साठ-सत्तर राउंड, आणि खिसा जेमतेम. एचएमआरचं वेड लागलं ते एका मित्राच्या रायफलमुळे. २००२ मध्ये आलेलं काडतूस, .२२ मॅग्नमच्या केसची (काडतुसाच्या पितळी नळीची) मान बारीक करून त्यात १७ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं छोटं माप) चिमुकली गोळी, वेग सेकंदाला ७७५ मीटरच्या आसपास. १०० मीटरवर असं सरळ जातं की हेवा वाटावा. पण ५० मीटरवर त्या सरळपणाचं मी काय लोणचं घालणार? आणि प्रत्येक राउंड माझ्या .२२ एलआरपेक्षा (लाँग रायफल, माझं नेहमीचं काडतूस) कितीतरी महाग, वर हेही रिमफायरच, म्हणजे प्रायमरचा (ठिणगी देणारा) मसाला केसच्या कडेत भरलेला, पिनने ती कड चेपली की केस कचऱ्यात.

मग डोक्यात आलं .२२३, त्याहून मोठं काडतूस, तिथे निदान रीलोडिंग (रिकामी केस घरी परत भरणं) तरी होतं, प्रायमर वेगळा, मधोमध, काढला नवा बसवला. पण प्रेस, डाय, तराजू, पावडर हे सगळं धरलं तर बचत सुरू व्हायला हजारो राउंड मारावे लागतील, आणि आधीच मला वेळ नाही. ५० मीटरच्या कागदासाठी ती तोफच. विषय संपला.

राहिलं आपलं म्हातारं .२२ एलआर, १८८७ पासूनचं. आता खरी गंमत इथे आहे. मी आजवर सगळ्यात स्वस्त मोठा डबा घ्यायचो, त्यावर ‘हाय व्हेलॉसिटी’ लिहिलेलं, आणि मला वाटायचं जास्त वेग म्हणजे वारा कमी लागणार. उलटं आहे! आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर, हाय व्हेलॉसिटी गोळी त्याच्या वर निघते आणि त्या रेषेजवळ हवेचा अडथळा एकदम वाढतो, गोळी वाटेत जेवढा वेग गमावते त्या हिशोबाने वारा तिला ढकलतो. स्टँडर्ड व्हेलॉसिटीची ४० ग्रेनची गोळी सुमारे ३२५ ने निघते, रेषेच्या खालीच राहते, आणि त्याच वाऱ्यात कमी सरकते. हे कळल्यावर मी पाच मिनिटं नुसता बसून होतो, एवढे दिवस फुकट गेले म्हणून.

मग एक सकाळ काढली, वारा पडलेला, रायफल वाळूच्या पिशवीवर, चार प्रकारची काडतुसं, प्रत्येकाचे दहा-दहाचे तीन ग्रुप (ग्रुप म्हणजे कागदावरच्या भोकांचा घोळका, जितका लहान तितका चांगला). पाचचा ग्रुप काढू नका हो, पाचच्या ग्रुपमध्ये कुठलंही काडतूस चांगलं दिसतं. काडतूस बदललं की आधी पंधरा-वीस राउंड नुसतेच मारले, मोजले नाहीत, कारण प्रत्येकाचं मेण वेगळं असतं आणि जुन्याचा थर बॅरलमध्ये बसलेला असतो. सरासरी आली ती अशी: स्वस्त डबा ३८ मिलिमीटर, दुसरं हाय व्हेलॉसिटी ३१, साधं स्टँडर्ड व्हेलॉसिटी १७, आणि उधार आणलेलं मॅचचं (स्पर्धेसाठी बनवलेलं) १३. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) ५० मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं आहे, त्यावरून अंदाज घ्या.

स्वस्त डब्याचा ग्रुप नुसता मोठा नव्हता, उभा होता, भोकं वरून खाली ओळीत, जणू कुणी कागदावर शिवण मारलीय. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) लावला तर सगळ्यात मंद आणि सगळ्यात वेगवान गोळीत सेकंदाला २७ मीटरचा फरक. एवढ्याने ५० मीटरवर दीडेक सेंटीमीटर वर-खाली होतंच, मग बोट कितीही लोण्यासारखं दाबा. स्टँडर्डमध्ये हाच फरक १३ आला.

म्हणून ठरवलं, स्टँडर्ड व्हेलॉसिटी. मॅचचं घेण्याची ऐपत नाही आणि १७ आणि १३ मधला फरक कळण्याएवढा मी स्थिर पण नाही, खरं सांगतो.

पण इथे एक ठेच लागली ती सांगायलाच हवी. पहिला डबा संपला, तेच नाव तेच खोकं परत आणलं, आणि ग्रुप २४ वर! दोन दिवस स्कोपचे स्क्रू आवळत बसलो. मग खोक्याच्या झाकणाच्या आतला नंबर बघितला, लॉट (कारखान्यात एका खेपेत बनलेला माल) वेगळा. नाव एकच असलं तरी लॉट बदलला की माझ्या बॅरलला ते वेगळंच काडतूस. आता पद्धत अशी की दोन-तीन लॉटचा एक-एक डबा आणायचा, मारून बघायचा, आणि जो बॅरलला मानवला त्याचे जमतील तेवढे डबे एकदम उचलायचे. असा एक सापडलाय, १६ देतो, उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत पुरेल.

(रेंजवरून आलात की काही खाण्याआधी हात साबणाने धुवा, बोटांना लागतं ते नुसतं मेण नसतं, शिसं पण असतं.)

सध्याची स्थिती: प्रोन (पालथं झोपून), रायफलचा पट्टा हाताला लावून, दहा शॉटचा ग्रुप २६ ते ३० मध्ये. काडतूस एकटं १६ देतं, त्यावरची वाढ सगळी माझी. आठव्या-नवव्या शॉटला एक भोक उजवीकडे खाली पळतं, दर वेळी तिथेच, आणि आता डब्याकडे बोट दाखवायची सोय राहिली नाही. मला वाटतं तोपर्यंत श्वास फार वेळ रोखून धरतोय. पुढचे दोन आठवडे आठ सेकंदांत सुटला नाही तर शॉट सोडून द्यायचा, रायफल खाली, परत पहिल्यापासून. मोजून सांगतो.