'एंडसाँग' संपेपर्यंत थांबलेली रांग

1 नोव्हेंबर 2024, शुक्रवार. त्या दिवशी द क्युअर या ब्रिटिश रॉक बँडचा 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड' हा अल्बम बाजारात आला. मी लंडनमध्ये एका रेकॉर्डच्या दुकानात काम करतो. मालाची खोकी आधीच येऊन पडतात, पण शुक्रवार उजाडेपर्यंत एकही प्रत विकायची नाही, हा धंद्याचा नियम. घरी, महाराष्ट्रात, लक्ष्मीपूजन होतं. शटर वर केलं, गल्ल्याला हात जोडले आणि पहिलं खोकं फोडलं.

जुन्या बँडच्या नव्या अल्बमचं एरवी काय होतं ते मला पाठ आहे. लोक नवा उचलून उलटसुलट बघतात आणि जुनाच घेऊन जातात. त्यात क्युअरचा आधीचा अल्बम 2008 चा, म्हणजे मध्ये सोळा वर्षं गेलेली. तरी त्या सकाळी दारात रांग होती. सगळ्यात आधी उचलली गेली ती अॅबी रोड स्टुडिओत अर्ध्या गतीने कापलेली दोन रेकॉर्डची आवृत्ती. या पद्धतीत मूळ ध्वनी आणि कापायचं यंत्र दोन्ही निम्म्या वेगाने चालवतात. सुईला खाच कोरायला दुप्पट वेळ मिळतो, त्यामुळे झांजांसारखे बारीक, उंच आवाज स्वच्छ उतरतात.

दुपारी गर्दी असतानाच मी अल्बम पहिल्यापासून लावला. पहिल्याच 'अलोन' या गाण्यात गायक रॉबर्ट स्मिथचा आवाज यायला तीन मिनिटांहून जास्त वेळ लागतो. तोवर नुसते ड्रम, कीबोर्ड आणि सायमन गॅलपचा जड, दणदणीत बास. हल्ली अशी सुरुवात करायला छाती लागते. आवाज आला आणि रॅक चाळणारे हात थांबले. पासष्ट वर्षांच्या माणसाचा आवाज, पण विशीत होता तसाच कळवळणारा.

आई, वडील आणि भाऊ गमावलेल्या माणसाचा हा अल्बम आहे. 'आय कॅन नेव्हर से गुडबाय' तर थेट भावाच्या, रिचर्डच्या, मृत्यूवर आहे. ते सुरू झालं तेव्हा गणवेशातला एक पोस्टमन कॅसेट हातात धरून काउंटरशी आला होता. म्हणाला, "हे मी 2022 मध्ये त्यांच्या वेम्बलीच्या कार्यक्रमात ऐकलंय. तेव्हा नीट ऐकवलं नाही मला. आज ऐकतो." त्याने कार्ड परत खिशात टाकलं.

मग शेवटचं 'एंडसाँग'. दहा मिनिटांचं गाणं, त्यात शब्द यायला सहा मिनिटांहून जास्त. रीव्हज गॅब्रेल्सची गिटार चढत गेली तशी रांग जागच्या जागी थिजली. मी कार्डाचं मशीन पुढे केलं, तर पहिल्या बाईंनी नुसता हात वर केला. संपल्यावर पैसे देते, असा त्याचा अर्थ. मागच्या कुणाचीच कुरकुर नव्हती. या धंद्यात मी असं कधी पाहिलं नव्हतं आणि त्याक्षणी मला माझ्या कामाचा फार अभिमान वाटला.

रात्री बँडने लंडनच्याच ट्रॉक्सी थिएटरात अख्खा अल्बम वाजवला. यूट्यूबवर फुकट दाखवत होते. शटर अर्धं ओढून आम्ही तो दुकानातच पाहिला.

पुढच्या शुक्रवारी अल्बम ब्रिटनच्या अल्बमच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिला आला, 1992 च्या 'विश'नंतर प्रथमच. तोवर आमच्याकडच्या कॅसेटसुद्धा संपल्या होत्या.