हायजिया आणि कापलेले दोन गुण

मी कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. काही वर्षांपूर्वी प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीच्या जर्नलमध्ये मी लाल शाईने मारलेली एक फुली अजून माझ्या मनातून जात नाही.

तिच्या गटाचा प्रकल्प हायजिया या लघुग्रहावर होता. आनिबाले दे गास्पारिस यांनी 1849 साली नेपल्सहून शोधलेला हा गोळा मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या मुख्य पट्ट्याच्या बाहेरच्या भागातून साडेपाच वर्षांत सूर्याभोवती एक फेरी मारतो. त्याचा व्यास सुमारे 430 किलोमीटर, म्हणजे कोल्हापूर-मुंबई रस्त्याहून अधिक. पण पृष्ठभाग कोळशासारखा काळा असल्याने पडलेल्या उजेडापैकी जेमतेम सात टक्के तो परत पाठवतो. शहराच्या झगमगाटात त्याचे मोजमाप करणे कठीण, म्हणून आम्ही आठ इंची दुर्बीण पन्हाळ्यावर एका ओळखीच्या घराच्या गच्चीवर नेली.

आम्ही रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसतो, असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात चित्रे कॅमेरा घेतो आणि माणूस केस वाळवायचा ड्रायर हातात धरून काचेवरचे दव उडवत बसतो. त्यानंतर प्रत्येक चित्रात हायजियाची तेजस्विता शेजारच्या न बदलणाऱ्या ताऱ्यांशी ताडून एक-दोन दशांश प्रतीचा (प्रत म्हणजे तेजस्वितेचे माप) चढउतार पकडायचा असतो. सहा रात्रींचे हे काम त्या मुलीने एकटीने केले; उरलेले तिघे झुणका-भाकर खाऊन गाडीत झोपत, आणि गुण मात्र चौघांना मिळायचे होते.

पुस्तकांत तेव्हा हायजियाचा परिवलनकाळ, म्हणजे स्वतःभोवती एक फेरी मारायला लागणारा वेळ, 27.6 तास असे, तिने 13.8 लिहिला होता. पहिल्या आणि पाचव्या रात्रीचे आलेख तिने ट्रेसिंग पेपरवर काढले होते, आणि पाऊण तास सरकवल्यावर ते एकमेकांवर बसतात, असे ती सांगत होती. पुस्तकाच्या हिशेबाने तेवढ्या वेळात साडेतीन फेऱ्या होतात, म्हणजे पाचव्या रात्री उलटी बाजू समोर यायला हवी. "सर, उलटी बाजू हुबेहूब तशीच कशी असेल? पूर्ण सात फेऱ्या झाल्या असे का धरायचे नाही?" लघुग्रह बटाट्यासारखे लांबोडे असतात, एका फेरीत दोनदा उजळतात आणि त्यांच्या दोन्ही बाजू साधारण सारख्याच दिसतात, असे मी तिला एक्स्टर्नलसमोर, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर, ऐकवले. एक्स्टर्नलनी घड्याळाकडे पाहत मान डोलावली. दोन गुण कापले गेले.

ऑक्टोबर 2019 मध्ये चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपने टिपलेल्या प्रतिमांवरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यात हायजिया जवळजवळ गोल निघाला, आणि त्याचा परिवलनकाळ 13.8 तास ठरला. बटाट्याचा मुद्दा तिथेच संपला.

मी तिला फोन केला. ती आता इचलकरंजीत एका बँकेत आहे. "सर, गुण वाढवून देणार का?" असे विचारून ती हसली.

खरे सांगायचे तर आमच्या खडबडीत आकड्यांतून दोन्ही उत्तरे निघू शकत होती, आणि तिच्या युक्तिवादाला पूर्ण गुण द्यावेत का, याबद्दल माझे मत अजूनही पालटत राहते. पण त्या दिवशी मी तो युक्तिवाद तपासलाच नव्हता. तिचा आकडा माझ्या टिपणांतल्या आकड्याशी जुळत नव्हता, एवढ्यावरच मी फुली मारली. ट्रेसिंग पेपर तर उचलूनही पाहिला नव्हता.