कुमसार झालं की मोकळे?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, कारण म्हापशात राहायला आल्यापासून हा प्रश्न मला कोणी ना कोणी विचारतंच, "तुम्हा कॅथलिकांत कुमसार, म्हणजे पापाची कबुली, बरी असते, फादरला पाप सांगितलं की माफ, परत करायला मोकळे." विचारणारे वाईट मनाने विचारत नाहीत, म्हणून नीट उत्तर द्यावंसं वाटतं.

मी मूळची वसईची, घरी मराठी बोलतो, इथे मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, कोंकणीत ऐकते, पण कुमसार दोन्हीकडे एकच. फादर ऐकलेलं कोणालाही सांगू शकत नाही, अगदी कोर्टातसुद्धा नाही, हे बहुतेकांना माहीत असतं. पुढचं मात्र फार कमी जणांना माहीत असतं. पापाची क्षमा मिळाली तरी केलेलं नुकसान भरून द्यायचं बाकी राहतं, म्हणजे पैसे खाल्ले असतील तर परत करायचे, कोणाची बदनामी केली असेल तर जिथे जिथे बोललात तिथे जाऊन ती पुसायची. ही चर्चची शिकवणच आहे, एखाद्या कडक फादरची मर्जी नव्हे. आणि मला विचाराल तर दुसरं काम पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड! इथे वाड्यावाड्यावर वडिलोपार्जित घरावरून न बोलणारे भाऊ आहेत, दोघंही ईस्टरआधीच्या उपवासकाळात पश्चात्तापाची खूण म्हणून कपाळाला राख लावून घेतात, आणि त्यातल्या एकाने दुसऱ्याच्या दारात जाऊन "तुझा हिस्सा मी दाबला" म्हणायचं म्हणजे काय ते विचार करून बघा.

मग हे बळ येतं कुठून? बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात जक्कय आहे, यरीहो गावचा मोठा जकातदार, म्हणजे कर वसूल करणारा, बुटका, गर्दीत येशू दिसेना म्हणून उंबराच्या झाडावर चढला. येशू त्याला म्हणाला खाली ये, आज तुझ्याच घरी उतरायचंय. अशा पापी माणसाकडे उतरतो म्हणून लोक कुरकुरले, पण जक्कय उभा राहून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत करतो. हे त्याला कोणी करायला सांगितलं नव्हतं. येशू आधी घरी आला, हिशोब नंतर निघाला, मला यातला क्रमच महत्त्वाचा वाटतो. गोव्यात पावसाळा सरला की आपण खिडक्या उघडतो तेव्हा भिंतीवरची बुरशी दिसते, ती उन्हाने आणलेली नसते, ऊन ती दाखवतं आणि वाळवतंही. येशूला आम्ही जगाचा प्रकाश म्हणतो ते मला असं कळतं.

आणि ज्याची भरपाईच होऊ शकत नाही त्याचं काय, माणूसच गेला असेल तर? हाही प्रश्न येतो, बहुतेक वेळा हळू आवाजात. तेव्हा मी येशूच्या शिष्याचं, पेत्राचं सांगते. कोळशाच्या शेगडीपाशी उभं राहून, येशूला पकडलं त्या रात्री, "मी त्याला ओळखत नाही" म्हणून त्याने येशूला तीनदा नाकारलं, बोललेलं परत घेता येत नाही. पुनरुत्थानानंतर येशूने समुद्रकाठी कोळशावर मासे भाजले, न्याहारीला बोलावलं आणि पेत्राला तीनदाच विचारलं, माझ्यावर प्रेम आहे का. जुना विषय काढला नाही, शिक्षा सांगितली नाही, "माझी मेंढरं पाळ" म्हणाला, म्हणजे सरळ माणसांची जबाबदारीच दिली. म्हणून असं कोणी विचारलं की मी म्हणते, गेलेल्यासाठी प्रार्थना करा, आणि त्यांना जे द्यायचं राहिलं ते आज ज्याला गरज आहे त्याला द्यायला लागा.