चढावर उभी केलेली जीप

"मेस्त्रीनू, सेल घेता, पण पेटणा नाय."

मे महिना, दुपारचे साडेबारा. देवगडजवळच्या बागेतून आबांचा फोन. जीपमध्ये हापूसच्या 40 पेट्या भरलेल्या आणि वाशीचा ट्रक संध्याकाळी सहाला सुटणार. काढलेला आंबा पत्र्याखाली उन्हात किती वेळ ठेवायचा, हे बागायतदाराला सांगावं लागत नाही. मी हत्यारांची पिशवी बाइकला अडकवली आणि निघालो.

जीप म्हणजे महिंद्रा कमांडर, डीआय इंजिन (डिझेल थेट सिलिंडरात फवारणारं), 1998 चं मॉडेल. कातळावरून बागेत उतरणाऱ्या जांभ्याच्या वाटेवर दुसरी गाडी टिकत नाही, म्हणून आबांनी ती सांभाळली आहे. 2022 च्या एप्रिलपासून जुन्या खाजगी मोटारगाडीच्या पुनर्नोंदणीची फी 600 वरून 5,000 रुपये झाली, तीही त्यांनी भरली. शहरात बसून जुनी गाडी मोडीत काढा म्हणणाऱ्यांनी एकदा ही वाट बघावी.

सेल्फ मारला. इंजिन जोरात फिरलं, म्हणजे बॅटरी ठणठणीत. इंजिन बंद करायची स्टॉपची केबल अडकलेली नाही, नोझलांना डिझेल दाबून देणाऱ्या मोठ्या पंपावरचा तिचा लिव्हर मोकळा. मग पोराला सेल्फ मारायला सांगून मी सायलेन्सरपाशी बसलो. डिझेल गाडीचं निम्मं निदान तिथेच होतं. पांढरा धूर आला तर डिझेल आत जातंय पण पेटत नाही. धूरच नाही, तर डिझेल आत पोचतच नाही. इथे धुराची रेघसुद्धा नव्हती. जुन्या जीपना येणारं प्यूजो इंजिन असतं तर थंड इंजिन पेटायला मदत करणारे हीटर प्लग बघितले असते, डीआयला ती भानगड नाही.

तोवर बागेतले गडी म्हणायला लागले, धक्का मारूया. सेल्फ इंजिन फिरवतोच आहे, धक्क्यानेही तेच फिरणार, हे लोकांना कितीही सांगितलं तरी पटत नाही.

डिझेल फिल्टरवरचा हवा काढायचा ब्लीड स्क्रू सैल केला आणि टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या फीड पंपावरचा हाताने मारायचा प्रायमर मारायला लागलो. फेस आला. 50 वेळा मारलं, 100 वेळा मारलं, फेसच. एअर पकडली होती. पाइपात हवा शिरली की मोठ्या पंपाचा प्लंजर, म्हणजे आतला दट्ट्या, डिझेलऐवजी हवाच दाबत बसतो. सिलिंडरात डिझेल फवारणारा नोझल उघडायला 200 बारच्या आसपास दाब लागतो, डिझेल दाबलं की तो लगेच तयार होतो. हवा मात्र स्प्रिंगसारखी आत-बाहेर होत राहते आणि नोझल बंदच. सेल्फ कितीही मारा, थेंब पडत नाही.

इथे मला थांबून विचार करायला हवा होता, कारण ही गाडी फेब्रुवारीतही याच तक्रारीसाठी माझ्याकडे आली होती. तेव्हा मी फिल्टर बदलला, पाइपांच्या जोडांचे (बँजोचे) तांब्याचे वॉशर नवे टाकले, एअर काढली, गाडी सुरू करून दिली आणि 700 रुपये घेतले. मार्चमध्ये परत बंद पडली तेव्हा आबांनी ती दुसऱ्या एका गॅरेजला दाखवली. तिथे एका नजरेत निकाल लागला: मोठा पंप उतरवा, कॅलिब्रेशनला म्हणजे तपासून जुळवून घ्यायला पाठवा, 18 हजार. पंपाला हात लावण्याआधी त्याला स्वच्छ डिझेल मिळतंय का, हे कोणी बघितलं नाही. पार्ट बदलत बदलत दोष शोधायचा ही सवय आता सगळीकडे आहे आणि तिचे पैसे गाडीवाला भरतो. आबांनी पंप उतरवू दिला नाही. तिथल्या पोराने एअर काढून दिली, तेवढ्यावर मेपर्यंत ढकललं.

तरी मी त्या दिवशीही तेच केलं. वॉशर बदलले, डिझेलमधलं पाणी-गाळ साठवणारी सेडिमेंटरची वाटी उघडून धुतली, रबरी पाइपांच्या क्लिपा आवळल्या. दीड तास गेला. फेस थांबेना.

शेवटी वस्तादांची पद्धत आठवली. फीड पंपाकडे येणारा पाइप सोडवला आणि त्या जागी पारदर्शक नळी लावली. तिचं दुसरं टोक 5 लिटरच्या स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये टाकून कॅन बॉनेटवर ठेवला. 30 वेळा प्रायमर मारला असेल, नळीतून एक सलग पिवळा धागा उतरला, एकही बुडबुडा नाही. ब्लीड स्क्रू बंद केला, नोझल बसवलेल्या इंजेक्टरचे नट सैल करून पाइपातली उरलेली हवा घालवली, परत आवळले. अर्ध्या सेल्फमध्ये इंजिन पकडलं. म्हणजे इंजिन चांगलं, पंप चांगला, फीड पंप चांगला. दोष टाकी आणि फीड पंप यांच्यामधल्या दोन-अडीच मीटरमध्ये.

तेव्हा आबा शांतपणे म्हणाले, "मी सांगितलंय नाय काय, घराकडे लावलंय की सकाळी पेटणा नाय, बाजारात लावलंय तर अर्ध्या सेलात चालू जाता."

हे वाक्य त्यांनी फेब्रुवारीत सांगितलं होतं. मी हूं केलं होतं.

आबांच्या घराशी गाडी चढावर उभी राहते, तोंड वर. टाकी इंजिनाच्या मागे, म्हणून खाली. पाइपात कुठेही बारीक भोक असलं तर रात्रभर तिथून हवा आत शिरते आणि डिझेल टाकीत परत उतरतं. बाजारात गाडी तोंड खाली करून उताराला लावतात, तिथे टाकीच वर, डिझेल जागचं हलत नाही. शिवाय आबा डिझेल 10-10 लिटर भरतात, टाकी कायम अर्ध्याच्या खाली. गाडी चालू असताना हा पाइप ओढीवर असतो, म्हणून भोकातून थेंब बाहेर पडत नाही, हवाच आत जाते. गळती डोळ्यांना दिसत नाही ती यामुळे. बागेतही गाडी चढावरच उभी होती.

मी गाडीखाली शिरलो. पाइपाचं टाकीकडचं टोक सोडवून बंद केलं, दुसऱ्या टोकाला सायकलचा पंप लावून हलकेच हवा भरली आणि ब्रशने साबणाचं पाणी फासत निघालो. चेसिसवर पाइप धरायला पत्र्याचा क्लँप आहे, आत रबराचा तुकडा. त्याच्या कडेला हरभऱ्याएवढा एक फुगा हळूहळू मोठा झाला आणि फुटला. परत झाला, परत फुटला. क्लँप काढला. रबराखाली खारी हवा आणि जांभ्याची लाल माती वर्षानुवर्षं ओली धरून बसलेली, पाइप खडबडीत, गंजाचे पोपडे निघालेले, आणि मधोमध सुईच्या अग्राएवढं भोक. फेब्रुवारीत ते याहून बारीक असणार, म्हणून तेव्हा एअर निघाली. खाली चेसिसवर तळहाताएवढी माती काळी, ओलसर. बाजारात उताराला उभी असताना पाझरलेलं डिझेल. फेब्रुवारीत ती माती मी बघितली होती. जुन्या जीपखाली तेलकट काय नसतं, असं म्हणून पुढे सरकलो होतो.

गंजलेला तुकडा कापून मध्ये डिझेलचा रबरी पाइप आणि दोन क्लिपा टाकल्या. साडेचारला गाडी सुटली, पेट्या ट्रकवर चढल्या. पुढच्या आठवड्यात कणकवलीहून अखंड स्टीलचा पाइप आणून बसवला. त्या रात्री आबांना मुद्दाम गाडी चढावर लावायला सांगितली आणि सकाळी सहाला स्वतः गेलो. चावी फिरवली, अर्धा सेल्फ. बिलातून मी फेब्रुवारीचे 700 वजा केले, आबा नको म्हणत होते.

आजही एकच गोष्ट डोक्यात फिरते. फेब्रुवारीत ब्लीड स्क्रूमधून शेवटी नितळ डिझेल आलं होतं, की एखाद-दुसरा बुडबुडा येत असतानाच मी स्क्रू आवळला होता, हे मला आठवत नाही. दारात पुढची गाडी हॉर्न मारत होती, तेवढं आठवतं.