कोल्हापुरातल्या परसात पालेभाजी कधी पेरायची?

बियांच्या पाकिटावर 'वर्षभर पेरता येते' असं छापलेलं असतं. कोल्हापुरात त्यावर विसंबू नका. मेथी, पालक आणि कोथिंबीर जुलै-ऑगस्टच्या झडीत कुजतात, एप्रिल-मेच्या उन्हात नीट उगवत नाहीत किंवा लगेच तुऱ्यावर जातात. त्यांचा खरा हंगाम हस्ताचा पाऊस ओसरला की सुरू होतो. दसऱ्याच्या आसपास पहिला वाफा करा आणि मग जानेवारीअखेरपर्यंत दर 10-12 दिवसांनी एकेक छोटा वाफा. सगळं बी एकदम टाकलं तर भाजी एकाच आठवड्यात काढणीला येते. मेथी 25-30 दिवसांत उपटायची. पालक मात्र बुडाशी दोन बोटं ठेवून कापला की पुन्हा फुटतो. शेपू आणि चाकवतही याच दिवसांत.

जास्त निराशा होते ती कोथिंबिरीनं. अख्खा धना पेरू नका. पोळपाटावर लाटण्यानं हलका दाब देऊन त्याच्या दोन फाका करा, पण पीठ होऊ देऊ नका. रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी फडक्यावर निथळा आणि दीड सेंटिमीटर खोल पेरा. उगवायला 8 ते 12 दिवस लागतात. पाचव्या दिवशी काही दिसत नाही म्हणून माती उकरू नका, मोड तिथंच मोडतो.

लाल माठ, तांदळी आणि पोकळा यांना ऊब हवी. डिसेंबरात टाकलेला माठ खुरटतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून मेपर्यंत पेरलात तर महिन्याभरात भाजी. हे बी अगदी बारीक असतं. चिमूटभर बियांत मूठभर कोरडी वाळू मिसळून फेका, नाहीतर एकाच ठिकाणी गठ्ठा उगवतो. वर मातीचा नुसता हात फिरवा. पंचगंगेकाठच्या काळ्या मातीत पहिल्या पाण्यानंतर पपडी धरते आणि माठाचा नाजूक कोंब ती फोडू शकत नाही. म्हणून बियांवर चाळलेलं शेणखत पसरा आणि उगवण होईपर्यंत झारीनं सकाळ-संध्याकाळ हलकं पाणी द्या. पाट सोडलात तर बी वाहून कडेला जमतं.

अंबाडी मृगालाच पेरावी. दिवस लहान होऊ लागले की ती फुलावर येते, त्यामुळे सप्टेंबरात पेरलेली वीतभर असतानाच फुलते.

पावसाळ्यात मेथी हवीच असेल तर जमिनीपासून 15 सेंटिमीटर उंच गादीवाफा करा आणि वर प्लास्टिकचं छप्पर घाला. बाजू उघड्या ठेवा, वारा खेळला पाहिजे. बी दाट टाकू नका. रोपं बुडाशी काळी पडून आडवी झाली तर तो मर रोग आहे. पाणी थांबवा, ती रोपं उपटून बाहेर टाका आणि पुढची पेरणी दुसऱ्या वाफ्यात करा.